खिंडीपर्यंत गेलेल्या गया मावशी

शाळेच्या स्मरणिकेसाठी निवृत्त सेवकांवर चार-चार ओळी लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. गया मावशींविषयी मी लिहिलं: प्रामाणिक, कष्टाळू, मितभाषी, विद्यार्थीप्रिय. ते तसंच छापूनही आलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण वाचून मला माझाच राग आला. एखाद्या माणसाचा इतकी वर्षं मनापासून हेवा करायचा आणि शेवटी त्याला ‘मितभाषी’ म्हणून मोकळं व्हायचं, हे काही बरोबर नाही. म्हणून हे पुन्हा लिहितोय, आणि या वेळी माझ्यासकट लिहितोय.

मी सेलूच्या एका शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवला. हिमालय हा माझा हातखंडा पाठ. कुठली नदी कुठल्या हिमनदीतून निघते, कुठल्या खिंडीतून कुठे उतरता येतं, सगळं तोंडपाठ. शेजारच्या वर्गातले शिक्षक दाराशी येऊन ऐकायचे. आणि हे सगळं अशा मुलखात, जिथे रेल्वे स्टेशनच्या पुलावर चढलं तरी चहूकडचं दिसतं. कापसाची शेतं, जिनिंगची पत्र्याची छपरं आणि मग नुसतं आभाळ. मी स्वतः हिमालय कधी पाहिला नव्हता. लग्न, घर, आईचं दुखणं, मुलीचं शिक्षण, दरवर्षी काही ना काही निघायचं. पण एक दिवस मी तिथल्या एखाद्या उंच खिंडीत उभा राहणार आणि समोरची शिखरं नावानिशी ओळखणार, हे माझं अगदी ठरलेलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच.

गया मावशी आमच्या शाळेत सेविका. मूळच्या बोरीच्या. उंचीला बेताच्या, अंगानं काटक, कपाळावर गोंदण, काष्टा नेसायच्या. शाळेत लागायच्या आधी बारा-तेरा वर्षं त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की बोरीतून टोळी निघायची, पश्चिमेच्या कारखान्यांकडे. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘कोयता’ म्हणतात, तेव्हा मावशी म्हणजे अर्धा कोयता. पुढे नवऱ्याचा पाय ट्रकखाली सापडला, तोड सुटली आणि मावशी सेलूला आल्या.

त्यांच्या दोन सवयी सगळ्या शाळेला माहीत होत्या. एक म्हणजे मोजायची. मुली रांगेत उभ्या असोत की सभागृहात खुर्च्या मांडायच्या असोत, मावशींचे ओठ हलत असायचे. टोळीतली माणसं मोजून ट्रकात बसवायची असत, कुणी मागे राहिलं तर परक्या मुलखात राहिलं, तेव्हाची ती सवय. दुसरी त्यांची चाल. व्हरांडा असो, जिना असो, हातात रजिस्टर असो की डोक्यावर पाण्याचा हंडा असो, मावशी एकाच चालीनं चालत. सावकाश, पण कुठे न थांबता. माझं त्यावरून डोकं फिरायचं. मी एकदा म्हणालोसुद्धा, मावशी, जरा पाय उचला. त्या म्हणाल्या, “उचलायलेच की, सर.” आणि त्याच चालीनं गेल्या. घंटेला मात्र त्यांचा उशीर म्हणून नाही. मी महिनाभर घड्याळ लावून बघितलं, एक दिवस सापडल्या नाहीत.

मग ती सहल निघाली. परभणीच्या एका गिर्यारोहण मंडळानं दिवाळीच्या सुट्टीत शाळांच्या मुलींना उत्तराखंडात न्यायचं ठरवलं. तेरा हजार फुटांवरची एक खिंड, पाच दिवसांची चाल. दसरा-दिवाळीचे दिवस हा तिकडे चढायला सगळ्यात चांगला काळ, पाऊस संपलेला असतो आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. मी मुख्याध्यापिकाबाईंच्या मागे लागून आमच्या अकरा मुलींची नावं दिली आणि शिक्षक म्हणून माझं. अडचण एकच होती. मुलींसोबत शाळेतली एक बाई हवी असा नियम होता, आणि ऐन दिवाळीत घर सोडायला एकही शिक्षिका तयार होईना. शेवटी मीच सुचवलं की गया मावशींना घेऊ. सामान सांभाळतील, मुलींकडे लक्ष ठेवतील. त्या खाली तळावर थांबतील, असं मी मनाशी धरलं होतं.

मावशींना विचारलं तेव्हा त्यांनी किती दिवस आणि थंडी किती एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, “जाऊ की. दिवाळी झाली म्हंजी माझा पाय घरात ठरत न्हाई.” शेताकडचं माणूस त्या दिवसांत गाव सोडत नाही, सोयाबीन, कापूस, ज्वारी सगळं एकदम अंगावर येतं. पण मावशींना शेत नव्हतं. त्या दिवसांत बोचकं बांधायचं हेच त्यांना उभ्या जन्मात ठाऊक होतं.

मी तयारी जोरात केली. परभणीहून बूट आणले. रविवारी मुलींना घेऊन येलदरीला जायचो आणि धरणाजवळची टेकडी चढायचो. माझा शिरस्ता असा की सगळ्यांच्या आधी वर पोचायचं आणि वरून मुलींना हाका मारायच्या. मावशी शेवटी यायच्या, कॅनव्हासच्या बुटात, ओठ हलवत. वर येऊन मुली मोजायच्या. मी धापा टाकत असायचो आणि त्यांच्या कपाळावर घामही नसायचा. मी म्हणायचो, मावशी, तिकडे असं रेंगाळून चालणार नाही.

आता त्या डोंगराविषयी. पहिल्या दिवशी आम्ही पिवळ्या पडलेल्या झाडांतून वर निघालो आणि दुपारी एका वळणावर पांढरी रांग दिसली. मी बघत उभा राहिलो. मुलींना एकेका शिखराचं नाव सांगितलं, तिथल्या गाईडनं मान डोलावून सगळी बरोबर असल्याचं सांगितलं. तो माझ्या आयुष्यातला चांगला अर्धा तास होता.

माझी चूक मी तिथेच करत होतो. गाईडनं आदल्या दिवशीच हिंदीत बजावलं होतं की प्रत्येकानं दिवसाला चार लिटर पाणी प्यायचं, उंचीवर त्यावाचून डोकं धरतं. मी हसून त्याला म्हणालो होतो की आम्ही मराठवाड्यातले, आम्हाला पाणी कमी लागतं. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. पाणी दिसलं की ते पुरवायचं, हे आमच्या हाडात गेलेलं. वाटेत पावलापावलावर झरे वाहत होते आणि मी शिक्षकाच्या आवाजात मुलींना सांगत होतो, एक बाटली संध्याकाळपर्यंत पुरली पाहिजे. आणि सरांना अर्धी बाटलीही पुरते हे दाखवण्यासाठी मी स्वतः त्याहून जास्त पीत नव्हतो. मुली कोरडे ओठ चाटत माझ्यामागे चालत होत्या.

दुसऱ्या दिवशी दोन मुलींची डोकी दुखायला लागली. मावशी माझ्याजवळ आल्या.

“सर, पोरी पाणी प्यायना झाल्यात. तुमी पुरवून प्या म्हणलाव म्हून.”

मी म्हणालो, सवय चांगली आहे ती.

“इथं कामून पुरवायचं? तोडीवर आमी पाणी आधी प्यायचो, तहान नंतर लागायची. जे पाण्याला आळस करायचं ते दुपारी फडात पडायचं.”

आणि त्यांनी माझ्यादेखत मुलींना झऱ्यावर बसवून पोटभर पाणी पाजलं. मुलींची डोकेदुखी संध्याकाळी उतरली. मला मात्र तो माझा अपमान वाटला. मी बाटली उघडलीच नाही.

तिसऱ्या दिवशी चढ खडा झाला. मी सवयीप्रमाणे पुढे धावत होतो आणि दर शंभर पावलांवर दगडाला टेकत होतो. मागून त्या एका चालीच्या बाई येत होत्या. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं असतं तेव्हा मध्ये थांबता येत नाही आणि पळताही येत नाही, असं त्या मुलींना सांगत होत्या. चढाकडे बघायचंच न्हाई, पायाकडं बघायचं. अकरा मुली त्यांच्या पाठोपाठ त्याच लयीत चालत होत्या. दुपारी त्या सगळ्या मला मागे टाकून गेल्या. जाताना प्रत्येक मुलगी ‘सर, बरं वाटतंय ना?’ विचारून गेली. अकरा वेळा.

शेवटच्या तळावर मला ओकारी झाली. कपाळ फुटेल असं दुखत होतं. गाईडनं माझी नखं निळी पडलीत का ते बघितलं, चार प्रश्न विचारले आणि सांगितलं की उद्या तुम्ही खिंडीत जायचं नाही. मी भांडलो. इतक्या वर्षांचं सगळं त्याला सांगितलं. तो नम्रपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, मुलींसोबत माताजी येतील. माताजी म्हणजे गया मावशी.

पहाटे त्या निघाल्या. काष्ट्याखाली लेकाची ट्रॅकपँट, डोक्याला घट्ट मफलर. मी तंबूच्या दाराशी पांघरूण घेऊन बसलो होतो. पिवळ्या गवतावरून ती रांग वर सरकत गेली, मग बर्फावर ठिपके झाले. मी मोजत होतो. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते सांगून टाकतो. ढग यावेत असं मला वाटत होतं. वारा सुटावा, कुणाचा पाय मुरगळावा, काहीही व्हावं आणि सगळ्यांना अर्ध्यातून परतावं लागावं. त्या अकराजणी माझ्याच हाताखाली शिकलेल्या होत्या आणि तरी मला तसं वाटत होतं. आभाळ मात्र दिवसभर निळं राहिलं, ढगाचा पुंजकासुद्धा आला नाही.

दुपारी त्या उतरल्या. मुली माझ्याभोवती गोळा होऊन एकदम बोलायला लागल्या. मावशींनी आधी चुलीजवळ जाऊन माझ्यासाठी गरम पाणी आणलं. मी विचारलं, कसं होतं?

पाणी माझ्या हातात देऊन त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, “एवढं मोठं हाय, सर. आन कुणाचंच न्हाई.”

मी ते ऐकलं आणि मला आतून पेटल्यासारखं झालं. मी शेकडो तास हिमालयावर बोललो होतो आणि माझ्याकडे असं एक वाक्य नव्हतं. जिला गुंठाभर जमीन नाही, जिचा जन्म दुसऱ्याचा ऊस तोडण्यात गेला, तिला तिथे उभं राहिल्यावर काय दिसलं ते सगळं त्यात आलं होतं. मी नकाशा काढला आणि त्यांना खोदून खोदून विचारायला लागलो. डावीकडे दोन टोकांचं शिखर दिसलं का? त्याच्या मागे सपाट माथ्याचं? मावशींना एकही नाव माहीत नव्हतं, पण त्यांनी सगळं नीट पाहिलं होतं. एक कडब्याच्या गंजीसारखं, एक मोडक्या शिंगासारखं, त्यांच्या मधून धूर निघाल्यासारखा बर्फ उडायलाय. मी एकेकाचं नाव लिहून घेत गेलो. त्यांना वाटत असावं, सर बिचारे, यांना बघायला मिळालं नाही, आपण सांगावं.

शाळा उघडल्यावर कार्यक्रम झाला. अनुभवकथनाला अर्थातच मी. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा माझा इरादा सरळ होता. पण सभागृह भरलेलं होतं, पालक आले होते, आणि वाक्य तोंडातून निघालं ते असं: “खिंडीत पाय ठेवला आणि समोर...” मग मला थांबता येईना. दोन टोकांचं शिखर सांगितलं, उडणारा बर्फ सांगितला. शेवटी आवाज खाली आणून म्हणालो, “तेव्हा मनात एकच आलं. एवढं विशाल, आणि कुणाचंच नाही.” टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत त्या अकरा मुली होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. एकमेकींकडे बघत होत्या.

मुख्याध्यापिकाबाईंनी उत्साहानं मावशींनाही बोलावलं. चहाचा ट्रे खाली ठेवून मावशी माइकपाशी आल्या. त्या म्हणाल्या, “सरांनी सांगितलं तसंच व्हतं.” आणि ट्रे उचलून गेल्या.

त्यांनी मला वाचवलं आणि त्याबद्दल मी त्यांना माफ करू शकलो नाही. त्यांनी चारचौघांत माझं पितळ उघडं पाडलं असतं तर मी चार दिवस तोंड लपवलं असतं आणि सुटलो असतो. आता रोज घंटा वाजवायला तीच बाई, त्याच चालीनं.

पुढच्या वर्षी मंडळाचं पत्र आलं. मुलींच्या तुकडीबरोबर दरवर्षी गया मावशींना पाठवावं, त्यांच्यासोबत मुली आजारी पडत नाहीत. माझं नाव पत्रात कुठेच नव्हतं. मावशींनी सुट्टीचा अर्ज दिला आणि तो अभिप्रायासाठी ज्येष्ठ शिक्षक म्हणून माझ्याकडे आला. मी अर्जाच्या समासात लिहिलं: ‘सुट्टीतील रंगकाम व साफसफाईसाठी सेविका शाळेत असणे आवश्यक.’ वाक्य बिनतोड होतं. अर्ज नामंजूर झाला. मावशींच्या जागी दुसऱ्या कुठल्या शाळेतली बाई गेली.

दिवाळीनंतर मी काही तरी निमित्त काढून शाळेत गेलो. रंगारी कामाला लागले होते आणि मावशी रंगाच्या बादल्या तळमजल्यावरून गच्चीवर नेत होत्या. रिकाम्या हातानं उतरायच्या, भरल्या हातानं चढायच्या. मी व्हरांड्यात बसून वर्तमानपत्र वाचत असल्याचं दाखवत होतो आणि त्यांच्या खेपा मोजत होतो. चौदा झाल्यावर मी विचारलं, मावशी, हे काम रंगाऱ्यांचं आहे ना?

“हाय की,” त्या न थांबता म्हणाल्या. “पर पाय बसाय नको. म्होरच्या सालाला जायचंय.”

पुढच्या सालाचा अर्ज माझ्या टेबलावर आला नाही. मावशी थेट मुख्याध्यापिकाबाईंकडे गेल्या आणि सही घेऊन आल्या. त्यानंतर त्या दर दिवाळीला गेल्या, निवृत्त झाल्यावरही. मी पुन्हा कधी गेलो नाही. गुडघे, रक्तदाब, मुलीचं लग्न, कारणांना तोटा नव्हता. त्या परत आल्या की शिक्षकांच्या खोलीत त्यांना घेरून सगळे विचारायचे आणि मी उत्तरपत्रिका तपासायचो. कान मात्र तिकडेच असायचे.

परवाच्या दिवाळीनंतर मी बहिणीला दिल्लीच्या गाडीत बसवायला परभणीला गेलो होतो. फलाटावर पाठपिशव्यांचा ढीग, नव्या मुलींची तुकडी, आणि मध्ये गया मावशी. केस बरेच पांढरे झालेले, बाकी तशाच. मला बघून त्यांनी मुलींना सांगितलं, हे आमच्या शाळेचे भूगोलाचे सर, ह्यांनीच मला पहिल्यांदा नेलतं.

त्यातली एक मुलगी पुढे आली. “सर, ते ‘एवढं विशाल आणि कुणाचंच नाही’ तुमचंच ना? माझी ताई होती तेव्हा सभागृहात. तिला अजून पाठ आहे. तुम्ही वर उभे होता तेव्हा सुचलं म्हणे.”

मावशी एका पिशवीचा बंद आवळत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं नाही.

मी म्हणालो, “नाही. मी वर गेलोच नाही. खाली तंबूत पडून होतो. खिंडीत मावशी गेल्या होत्या, आणि वाक्यही त्यांचंच आहे.”

मुलगी गोंधळून मावशींकडे बघायला लागली. मावशींनी तिला बाटल्या भरून आणायला पिटाळलं. आम्ही दोघंच राहिलो, तेव्हा मी बाकीचंही सांगून टाकलं. म्हणालो, त्या वर्षी तुमचा अर्ज माझ्यामुळे गेला.

“ठाऊक हाय.”

मी विचारलं, कुणी सांगितलं?

“कोण सांगतंय? अर्ज वापस आला तवा कडंला तुमचं अक्षर व्हतं. रोज सकाळी तुमचा फळा मी पुसायची, सर. मला तुमचं अक्षर वळखू येईना व्हय?” बंद आवळून त्यांनी पिशवी उभी केली. “लय राग आलता मला. लयच. त्या सालात मी तुमच्या वर्गाचा फळा पुसलाच न्हाई. तुमच्या ध्यानात आलं न्हाई का?”

नव्हतं आलं. ते अख्खं वर्ष मी वर्गात गेल्यावर आधी फळा पुसत होतो आणि मुलांवर ओरडत होतो.

मी हसायला लागलो. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी तो राग वर्षभर ठेवला होता, रोज सकाळी, एका फळ्यापुरता, आणि मग सोडून दिला होता. माझा अजून तसाच होता. पण त्याही रागावल्या होत्या हे कळल्यावर मला बरं वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बाई मला जवळच्या वाटल्या.

गाडी आली. बहिणीला जागेवर बसवून मी खाली उतरलो तोवर पुढच्या डब्यात मुली चढत होत्या. मावशी दाराशी उभ्या राहून एकेकीच्या पाठीला हात लावत होत्या, ओठ हलत होते. शेवटच्या मुलीमागे त्या स्वतः चढल्या आणि गाडी हलली. मी हात वर केला. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, त्या आत वळून पुन्हा पहिल्यापासून मोजत होत्या. डबे एकेक करून माझ्यासमोरून गेले, आणि त्यातल्या कुठल्याही एका डब्यात मी असायला हवा होतो, असं मला इतक्या जोरात वाटलं की मी फलाट संपेपर्यंत गाडीबरोबर चालत गेलो.